आत्याला घेऊन ट्रामच्या रस्त्यावरून : सांगली ते मुंबईचा अनुभव

आमची आत्या 1950 ची. लालबागच्या चाळीत वाढली आणि लग्न होऊन सांगलीला आली ती कायमचीच. मुंबईत शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला रात्री बोरीबंदरहून (म्हणजे आजच्या सीएसएमटीहून) दादरला गेली, तेव्हा आत्या चौदा वर्षांची होती आणि दुसऱ्या दिवशी वार्षिक परीक्षेचा पेपर म्हणून आजोबांनी तिला घराबाहेर पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. सगळी चाळ रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती म्हणे. हे ती गेली कित्येक वर्षं सांगते आणि दर वेळी तितक्याच हळहळीने सांगते. मागच्या वर्षी तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यातून ती छान बरी झाली आणि म्हणाली, "अगं, ट्राम नाही तर नाही, तो रस्ता तरी एकदा बसून बघू या."

मग मी शोधायला लागले तर माहिती सगळी तुकड्यातुकड्यात. पंचाहत्तरीच्या बाईला घेऊन हे कसं जमवायचं, कुठे जिना आहे, कुठे बसायला जागा आहे हे कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांना घरातल्या मोठ्या माणसांना असं काही दाखवायचंय त्यांना उपयोगी पडेल.

पहिलं काम रेल्वेचं रिझर्व्हेशन. आम्हाला महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, रात्री बसायचं आणि सकाळी थेट सीएसएमटी, म्हणजे जिथून फिरायला सुरुवात करायची तिथेच उतरायचं. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं (आधी 120 होते, 1 नोव्हेंबर 2024 पासून बदललं), त्यामुळे 21 नोव्हेंबर 2025 च्या तिकिटासाठी मी 22 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता मोबाईल घेऊन बसले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत 2020 पासून बंद आहे ती आहेच, त्यामुळे आत्याचं तिकीटही पूर्ण. थर्ड एसीचं माणशी हजाराच्या आत पडलं. आयआरसीटीसीवर (रेल्वेच्या तिकिटांच्या साइटवर) बुकिंग करताना खाली एक पर्याय असतो की किमान एक लोअर बर्थ मिळाली तरच तिकीट काढा, तो न विसरता टिक करा. 45 च्या पुढच्या बायकांना आणि ज्येष्ठांना जागा असेल तर लोअर बर्थ आपोआप मिळते हे खरं, पण ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन "असेल तर" वर विसंबायला मन धजत नाही. आणि आणखी एक, 1 ऑक्टोबर 2025 पासून बुकिंग उघडल्यावर सुरुवातीच्या वेळात फक्त आधार पडताळणी केलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं, तेव्हा आता जाणाऱ्यांनी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, त्या सकाळी ओटीपीची वाट बघत बसू नका.

राहायची सोय शिवडीला चुलतबहिणीकडे होती (आत्या तिचीही आत्याच), पण सकाळी आधी तिकडे जाऊन परत फोर्टात येणं म्हणजे आत्याची अर्धी शक्ती प्रवासातच संपली असती. म्हणून सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, चहा घेऊन, बॅग क्लोक रूममध्ये ठेवली. बॅगेला कुलूप लागतं, साधं छोटं चालतं पण लागतंच, आणि तिकीट दाखवावं लागतं, म्हणून घरूनच कुलूप घेऊन जा. आत्याची औषधं, पाण्याची बाटली, आधार कार्ड आणि दहा-वीसच्या सुट्या नोटा एवढं एका झोळीत घेतलं आणि निघालो.

स्टेशनच्या समोर भाटिया बाग आहे, तिथे ट्रामचा एक डबा ठेवलाय. रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग आहे पण त्याला पायऱ्या उतरून परत चढायच्या. आम्ही घाई न करता कठडा धरून गेलो. डबा समोर दिसला तेव्हा मला वाटलं आत्याच्या डोळ्यांत पाणी येईल, पण ती चष्मा पुसून नीट बघत राहिली आणि म्हणाली, "ही आमची नव्हे." आणि तिचं बरोबर होतं, तो डबा बेस्टने, म्हणजे मुंबईच्या बससेवेने, कोलकात्याहून आणून दुरुस्त करून ठेवलेला आहे. मुंबईतली ट्राम बंद झाल्यावर इथला डबा असा जपून ठेवलेला उरला नाही. आत्या सांगत होती की आमच्या ट्रामला दोन्ही बाजूंना तोंड असायचं, शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर हँडल काढून चालत दुसऱ्या टोकाला जायचा आणि वरचा दांडा फिरवून घ्यायचे, मग मागचं पुढं व्हायचं. पायाने दाबायची घंटा असायची. डबल डेकर ट्रामही होत्या, त्या 1920 मध्ये आल्या, आणि पोरांना अर्थातच वर बसायचं असायचं. तिथे शेजारी उभी असलेली कॉलेजची दोन मुलं हे ऐकत थांबली आणि प्रश्न विचारायला लागली, तर आत्या त्यांना चांगली पंधरा-वीस मिनिटं सांगत राहिली. मला घड्याळाकडे बघायचं होतं पण बघितलं नाही.

तिथून डबल डेकर. मुंबईतली जुनी लाल डिझेलची डबल डेकर 15 सप्टेंबर 2023 ला शेवटची धावली, आता ज्या आहेत त्या एसी इलेक्ट्रिक. आम्ही घेतली ती ए-115, सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नाटक-संगीताचं केंद्र). तिकीट माणशी 12 रुपये. मे 2025 पासून एसी बसचं कमीत कमी तिकीट 12 आणि साध्या बसचं 10 झालंय, त्याआधी 6 आणि 5 होतं. म्हणजे दोघींचे 24 रुपये, आणि त्यात मुंबईचं दक्षिण टोक वरून बघायला मिळतं. टूरिस्ट म्हणून येणाऱ्यांनी महागड्या गाड्यांच्या मागे लागण्याआधी ही बस जरूर घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मात्र शनिवारी सकाळी जा, कारण आठवड्यातल्या इतर दिवशी ऑफिसची गर्दी असते आणि तेव्हा म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून चढवणं बरोबर नाही.

आम्हाला वरची, अगदी पुढची सीट हवी होती म्हणून पहिली भरलेली बस जाऊ दिली आणि पुढच्या बसच्या रांगेत पहिल्या उभ्या राहिलो. कंडक्टरना सांगितलं की आजींना वर जायचंय, तर ते म्हणाले, "आजी सावकाश चढा, तुम्ही बसल्याशिवाय गाडी सोडत नाही," आणि खरंच त्यांनी तोवर घंटी दिली नाही. जिना अरुंद आणि वळणाचा आहे पण दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवलेलं तिथे कामाला आलं. मी चढताना तिच्या मागे आणि उतरताना तिच्या पुढे राहिले, तोल गेला तर धरता यावं म्हणून. उतरायच्या एक स्टॉप आधी उठू नका, बस पूर्ण थांबल्यावरच उठा. एनसीपीए शेवटचा स्टॉप असल्यामुळे तिथे घाई नसते, हीच बस निवडण्याचं ते एक कारण.

वर बसल्यावर समोर मोठी काच, झाडांच्या फांद्या काचेवर येतात की काय वाटावं इतक्या जवळून जातात. आत्या सगळ्या प्रवासात फार बोलली नाही. एनसीपीएला उतरलो, समोर समुद्र, कठड्यावर अर्धा तास बसलो, घरून आणलेली पोळीभाजी खाल्ली. तिथे वारा छान असतो पण सावली कमी, टोपी किंवा छत्री हवीच.

मग टॅक्सीने हुतात्मा चौक, मीटरने पन्नासच्या आत. (टॅक्सीचं कमीत कमी भाडं 31 आहे आता, मीटरनेच जा.) चौकातल्या फ्लोरा फाउंटनच्या, म्हणजे जुन्या कारंज्याच्या, दुरुस्तीच्या वेळी तिथे जमिनीखाली ट्रामचे जुने रूळ सापडले होते, त्यातला तुकडा चौकात फरशीमध्ये बसवून ठेवलाय. लक्ष नसेल तर लोक त्यावरून चालत निघून जातात. आत्या वाकू शकत नाही म्हणून तिने चपलेतून पाय काढून अंगठ्याने त्या रुळाची खाच चाचपली. म्हणाली आजोबा रस्ता ओलांडताना दर वेळी ओरडायचे, रुळात पाय अडकेल म्हणून. मग हुतात्मा स्मारकापाशी जाऊन दोघींनी हात जोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ती अगदी लहान होती पण लालबागेतल्या मिरवणुका तिला आठवतात, त्यावर ती वेगळं काही सांगेल तेव्हा लिहीन.

आता खरा रस्ता. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली 9 मे 1874 ला, परळ ते कुलाबा आणि बोरीबंदर ते काळबादेवीमार्गे पायधुणी. कुलाबा ते पायधुणी सुरुवातीला तीन आणे घ्यायचे आणि तिकीटच नव्हतं, मग लोक फुकट जायला लागले तेव्हा तिकीट छापायला लागले. विजेची ट्राम 7 मे 1907 ला आली. आणि शेवटची जी गेली ती बोरीबंदर ते दादर, म्हणजे मोहम्मद अली रोड, भायखळा, लालबाग, परळ करत. हाच रस्ता आम्हाला बसने जायचा होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण याची माहिती मला कुठेच लिहिलेली सापडली नव्हती आणि एका बसस्टॉपवरच्या काकांनी सांगितली म्हणून बरं झालं. सीएसएमटीकडून दादरकडे जाणाऱ्या काही बस जेजेच्या उड्डाणपुलावरून जातात, त्या क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ वर चढल्या की थेट जेजे हॉस्पिटलच्या पुढे उतरतात, आणि पायधुणी, मोहम्मद अली रोड सगळं खाली राहतं. ट्राम तर खालून जायची. तेव्हा बसमध्ये चढण्याआधी कंडक्टरला सरळ विचारायचं, "पुलाखालून जाणार का?" बसचे नंबर आणि मार्ग हल्ली बरेच बदललेत त्यामुळे मी नंबर मुद्दाम देत नाही, हा एक प्रश्न विचारलात की पुरे. आम्ही दोन बस सोडल्या आणि तिसरी घेतली. एसी होती, दादरपर्यंत माणशी 20 रुपये, साधी मिळाली असती तर 15. ज्येष्ठांच्या राखीव सीटवर एक मुलगा बसला होता, आत्याला बघून स्वतःच उठला.

वेळ किती लागतो? आम्हाला तासापेक्षा जास्त लागला. मोहम्मद अली रोडला शनिवारी दुपारी गाडी मुंगीच्या पावलाने जाते, आणि परळचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 पासून पाडकामासाठी बंद असल्यामुळे त्या भागातली सगळी वाहतूक इकडेतिकडे वळलेली आहे. पण खरं सांगू का, आम्हाला ते हवंच होतं. गाडी हळू होती म्हणून आत्याला दुकानांच्या पाट्यांच्या वर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांकडे बघता आलं. जुन्या लाकडी गॅलऱ्या, नक्षीचे कठडे अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. पायधुणीला ती म्हणाली की इथून भुलेश्वरला चालत जायचो, दिवाळीची खरेदी व्हायची, येताना पिशव्या असल्या की ट्राम आणि हात रिकामे असले की चालत, कारण तेवढेच पैसे वाचायचे. भायखळ्याला राणीच्या बागेचा रस्ता दिसला तेव्हा तिने शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं की आम्ही रविवारी इथे ट्रामने यायचो. त्या बाई घोडपदेवच्या निघाल्या आणि मग दोघींचं जे सुरू झालं ते लालबागपर्यंत, मी आपली खिडकीतून फोटो काढत राहिले.

लालबागला मी तिला आधीच विचारून ठेवलं होतं की उतरायचं का, आणि ती नाही म्हणाली होती. तिच्या चाळीच्या जागी टॉवर झालाय हे तिला माहीत आहे, फोटोत बघितलंय. बस तिथे सिग्नलला थांबली, तिने मान वळवून बघितलं, भारतमाता टॉकीजची दिशा मला दाखवली, आणि मग आम्ही पुढे गेलो. मोठ्या माणसांना अशा ठिकाणी नेताना आपण ठरवून टाकतो की त्यांना जुनं घर बघायचंच असणार. तसं नसतं, विचारा.

दादर टीटीला उतरलो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, नाव अजून तेच. आत्याने खोदादाद सर्कलला एका बाजूला उभं राहून सगळीकडे बघून घेतलं. "इथे वळायची," एवढंच म्हणाली. थकली होती. चित्रा टॉकीजच्या बाजूला एका उडप्याकडे इडली आणि कॉफी घेतली, बाथरूम स्वच्छ होतं (बायकांसाठी ही माहिती सगळ्यात महत्त्वाची, दिवसभरात सीएसएमटीची वेटिंग रूम आणि जेवणाची हॉटेलं हेच धरून प्लॅन करा), आणि मग ती तिथेच बसून राहिली आणि मी एकटी सीएसएमटीला जाऊन बॅग घेऊन आले. दोघींनी परत जाण्यापेक्षा हे बरं. संध्याकाळी शिवडी.

रविवारी बेस्टचं म्युझियम. हे आणिक आगारात आहे, वडाळा-सायनच्या बाजूला. बेस्टमधलेच अधिकारी पी. डी. परांजपे यांच्या धडपडीतून हे उभं राहिलं, 1984 मध्ये कुर्ला आगारात सुरू झालं आणि 1993 पासून आणिकला आहे. प्रवेश फुकट. रोज उघडं नसतं, त्यामुळे जाण्याआधी चौकशी करून वार आणि वेळ पक्की करा. हार्बर लाइनने गुरू तेगबहादूर नगरला उतरून पुढे टॅक्सी करता येते, पण रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) असण्याची शक्यता फार, आणि स्टेशनचे पूल चढणं-उतरणं आत्याला नको होतं, म्हणून शिवडीहून सरळ टॅक्सी केली, दोनशेच्या आत. आगाराच्या गेटवर सिक्युरिटीला म्युझियमला आलोय सांगायचं, वहीत नाव, गाव, फोन लिहायचा, मग ते वाट दाखवतात. आत बस धुवायचं, दुरुस्तीचं काम चालू असतं, गाड्या मागेपुढे होत असतात, मोठ्या माणसाचा हात सोडू नका. जिने आहेत. आम्ही प्रत्येक वळणावर थांबत गेलो, एका कर्मचाऱ्याने न सांगता खुर्ची आणून दिली.

आत ट्रामची मॉडेल्स आहेत, घोड्याची, विजेची, डबल डेकर, आणि इथे आत्याला "तिची" ट्राम मिळाली. काचेच्या अलीकडे उभी राहून तिने मला एकेक भाग दाखवला, ड्रायव्हर कुठे उभा राहायचा, कंडक्टर कुठून चढायचा, वरचा जिना कुठे. जुनी तिकिटं, तिकिटांची यंत्रं, बिल्ले हेही आहे. मला नवीन कळलेली गोष्ट म्हणजे ट्रॉलीबस. 11 जून 1962 ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी विजेच्या तारांवर चालणारी बस सुरू झाली, रूळ नाहीत, रबरी टायर, वर दोन दांडे, आणि 24 मार्च 1971 ला बंद पडली. आत्याला ती आठवत होती पण ती तिच्यात कधी बसली नाही, आमच्या रस्त्यावरची नव्हतीच म्हणाली. मी तिथे विचार करत होते की साठ वर्षांपूर्वी आपल्याकडे विजेवर चालणारी बस होती, आपण ती मोडली, आणि आज परत विजेची बस आली म्हणून आनंदाने तिचे फोटो काढतोय. ट्राम हळू होती, तोट्यात होती, रुळांमुळे बाकीच्या गाड्या अडायच्या हे सगळं खरं असेल. पण एखादा मार्ग, बोरीबंदर ते दादर एवढा तरी, ठेवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

तासभर आरामात जातो, लहान मुलं बरोबर असतील तर जास्तच. फोटो काढण्याआधी विचारून घ्या. परत टॅक्सी, दुपारी जेवून झोप, आणि रात्रीच्या महालक्ष्मीने परत, त्याचं तिकीटही 60 दिवस आधी 24 सप्टेंबरला काढून ठेवलं होतं.

खर्च सांगायचा तर रेल्वेचं सोडून मुंबईतलं सगळं फिरणं, म्हणजे बस, टॅक्सी, क्लोक रूम, चहा-नाश्ता धरून दोघींचे दोन हजारही झाले नाहीत, त्यात सगळ्यात जास्त टॅक्सीला गेले. बसवर जेमतेम शंभरेक. गुडघ्याला सूज आली का विचाराल तर सोमवारी थोडी होती, बर्फाने शेकलं, मंगळवारी उतरली. ज्यांना जिना अजिबात जमत नाही त्यांनी डबल डेकरच्या खालच्या मजल्यावर बसावं आणि म्युझियमला जाण्याआधी जिन्यांची नीट चौकशी करून मगच ठरवावं. पुलाखालची बस मात्र कुणालाही जमेल, तिला पायरी फार उंच नसते.